आल्गोतच्या रायफलीची तपासणी

१

पहिला मसुदा: “रविवार, १ सप्टेंबर १९९६ रोजी सकाळी हेडवीकेन नेमबाजी मंडळाच्या मैदानावर जुनी लष्करी रायफल फुटून तूरे विकलुंद, वय ४६, याचा मृत्यू झाला. नळीचा तुकडा मानेत घुसला. रायफल तपासून योग्य ठरवणारा इसम:”

गुन्वोरने पेन खाली ठेवलं. पुढचं नाव हातातून उतरेना.

मंडळाच्या खोलीत, टेबलावरच्या राखाडी घोंगडीवर रायफल पडली होती. नळी मधोमध उकलली होती. दस्त्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी मात्र शाबूत होती.

नळी: स्वच्छ, आरपार.
बोल्ट: याच रायफलीचा.
मापं: दोन्ही बरोबर.
दस्ता: तडा नाही.
झाडण्यास योग्य. २२ ऑगस्ट. सि. मू.

सिक्स्टेन मूदिग. वय एक्याऐंशी. लष्कराच्या दुरुस्तीशाळेत गुन्वोर एकोणिसाव्या वर्षी लागली तेव्हा तेच तिचे मास्तर होते. लष्कराने जुन्या रायफली मोडीत काढून गावोगावच्या मंडळांना वाटल्या, आणि तेव्हापासून त्या माणसाने गालाशी धरण्याच्या लायकीच्या आहेत की नाहीत, हे मास्तरच सांगत आले. त्यांची चिठ्ठी असली की लोक दुसऱ्यांदा बघत नसत.

आता पोलीस शस्त्रतज्ज्ञ म्हणून गुन्वोरच्या अहवालासाठी थांबले होते. अहवालात चूक मास्तरांची निघाली, तर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा खटला.

“काय गं, झालं का शवविच्छेदन?” मंडळाचा अध्यक्ष रूने बाकलुंद कॉफीची किटली घेऊन आत आला. “तू मापं हातात घेऊनच जन्माला आलीस म्हणतात.”

“आणि तू तोंड उघडं ठेवून. बस.”

रूने बसला. चेष्टा त्याच्या तोंडावर टिकली नाही. “कशाला मापतेस, गुन्वोर? म्हाताऱ्याचे डोळे गेलेत. स्वतःच पोलिसांना सांगून मोकळा झाला.”

“काय सांगितलं?”

“नळीत साठवणीचं, गंज लागू नये म्हणून भरतात ते, जुनं ग्रीस राहिलं होतं, मला दिसलं नाही, चूक माझी. सहीसुद्धा केली.”

गुन्वोरने कप तोंडाशी नेला आणि तसाच परत ठेवला.

“रूने, तूरेच्या बापाने या रायफलीने शेवटचा नेम कधी मारला?”

“आल्गोतने? जूनमध्ये. चांदीचा चमचा जिंकला की.”

जूनमध्ये चमचा जिंकणाऱ्या रायफलीत साठवणीचं ग्रीस कुठून आलं?

२

दुसरा मसुदा: “बोल्ट निर्दोष. काडतुसाचं घर निर्दोष.” (खाली दोन रेघा.)

मापं दोन असतात, पोलादी, काडतुसाच्या आकाराची. एकावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. गुन्वोरने दोन्ही घालून पाहिली. एकावर मिटला, दुसऱ्यावर अडला. तपासनिसाला डुलकी लागली असती तर रायफल मागून फुटली असती, बोल्टाशी. ही फुटली होती मधे.

आणि उकललेल्या जागेच्या अलीकडे नळी गोल फुगली होती. अंगठी घालावी तशी.

“काहीतरी आत अडकलं होतं,” ती म्हणाली. “गोळी त्यावर आदळली, थबकली, मागचा दाब वाट फुटेल तिथून बाहेर पडला.”

रूनेचा चेहरा उतरला. “त्या दिवशीची काडतुसं मी भरलेली होती. घरी. तूरेलाही मीच दिली.”

“परवाना?”

“आहे… म्हणजे होता. पण दारूचा एकेक कण मोजून घालतो मी! बायको म्हणते, एवढं लक्ष कधी माझ्याकडे दिलं नाहीस.”

“उरलेली आण.”

बावीस काडतुसं आली. गुन्वोरने सगळी सोलली, तोलली. एकातही खोट नव्हती. रूने तेवढा वेळ टोपी पिळत उभा होता. शेवटचं तोलून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिला.

मग तिने भिंग डोळ्याला लावलं आणि सुईच्या टोकाने फुगवट्यातली काजळी खरवडली. सुईवर एक तंतू आला. जळका, केसाएवढा. एका टोकाला लाल.

ग्रीसला तंतू नसतात.

३

रूनेची उत्तरं. प्रश्न गुन्वोरने लिहून घेतले नाहीत.

मास्तरांनी तपासली गुरुवारी. आल्गोतला पुरलं शनिवारी. तूरे गेला त्याच्या पुढच्या रविवारी.

नाही, मधे कुणीच नाही. म्हणजे, निरोपाचा बार सोडून.

तुला माहीत नाही? हां, तू गावात असतेस कुठे. या खोऱ्यातल्या चारही मंडळांत आहे ही चाल. सभासद गेला की दफनानंतर सगळे मैदानावर येतात. त्याच्याच रायफलीतून एक बार काढतात. रिकामा, नेम नाही काही नाही, तळ्याच्या दिशेने.

बायको काढते. बायको नसेल तर थोरलं मूल.

योर्डिसनेच. कधी हात लावला नव्हता तिने रायफलीला. आल्गोत म्हणायचा, घरात एकाने खांदा दुखवून घेतला की पुरे.

लष्कराचीच, सरावाची जुनी काडतुसं. लाकडी गोळीची. कपाटात एक पेटी आहे, माझ्या बापाच्या वेळची. आवाज खऱ्यासारखा, आणि लाकडाचा नळीबाहेर भुगा होतो.

लाल. हो, रंगवलेलं लाल. का गं?

मी भरली, तिच्या हातात दिली, आणि पाठ फिरवली. सगळेच फिरवतात. तिला एकटीला रडता यावं म्हणून. कानावर कानटोप्या, आवाज अडवायच्या.

ऐकू? दबकं काहीतरी वाजल्यासारखं. कानटोप्या होत्या म्हटलं ना.

साफ? छे! ती चालच आहे, गुन्वोर. त्यानंतर रायफल उघडायची नाही, साफ करायची नाही. काडतुसाची रिकामी पुंगळी आतच ठेवून घोंगडीत गुंडाळतात. बापाचा धूर पोराच्या पहिल्या गोळीबरोबर बाहेर पडतो. वारस पुंगळी काढतो, खिशात ठेवतो, आणि लगेच स्वतःची भरतो.

नाही. नळीतून कुणी बघत नाही.

अशी काय बघतेस माझ्याकडे?

४

तिसरा मसुदा: कोरा.

मास्तर स्वयंपाकघरात बसले होते. बशीत कॉफी ओतून, फुंकर घालून, चीजचा तुकडा त्यात बुडवून. टेबलापलीकडे गुन्वोरने आपली मापांची डबी ठेवली, उघडून.

“चौऱ्याहत्तरचं माप अजून वापरतेस?” मास्तर म्हणाले. “कडेला झिजलंय ते. बदल.”

“वर्ष दिसलं तुम्हाला?”

कोरलेले आकडे मुंगीएवढे होते. बशी मास्तरांच्या ओठांशी थांबली.

“अंदाजाने बोललो.”

“डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं, मास्तर?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आत्ता तुम्हीच.”

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. अंगणातल्या बर्चची पानं पिवळी पडायला लागली होती. खिडकीच्या कट्ट्यावर फुलांचा गुच्छ होता, कागदासकट, दांड्या सुकलेल्या.

“तिने परत पाठवला,” मास्तर म्हणाले. “चर्चच्या दारात थुंकली माझ्यावर. बरोबर केलं. पोर गेलं तिचं.”

“नळीत ग्रीस नव्हतं.”

“होतं.”

“मी तंतू काढलाय. लाल.”

“तुला मी शिकवलं त्याचा आज पहिल्यांदा पश्चात्ताप होतोय,” ते शांतपणे म्हणाले. “जा, पोरी. चूक माझी आहे, सही झालीय. जिवंत माणसाची सही आहे, तिला मान दे.”

दारापर्यंत गेलेल्या गुन्वोरला त्यांनी हाक मारली.

“योर्डिसकडे जाऊ नकोस.”

५

ती योर्डिसकडे गेली.

योर्डिस विकलुंद चौऱ्याहत्तर वर्षांच्या. थोड्याच दिवसांच्या अंतराने नवरा आणि मुलगा पुरलेल्या. तरी टेबलावर वेलचीचे पाव होते, सात जणांना पुरतील एवढे. घरात येणाऱ्याला उपाशी पाठवायची सवय हातांना नव्हती.

“खा. मग विचार.”

गुन्वोरने खाल्लं.

“त्या शनिवारी तुम्ही बार काढलात. खांद्याला केवढा हिसका बसला?”

प्रश्न ऐकून योर्डिसबाईंचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच.

“हसशील तू. एकाला सोडून कुणाला बोलले नाही मी. रूने म्हणाला होता, घट्ट धर, गाढव लाथ मारतं तसं मारेल. मी डोळे मिटले, ओढलं. आणि काही नाहीच! मांजराने पाऊल ठेवावं तेवढंच. फुस्स.” त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. “मला वाटलं, आल्गोतच तो. जन्मभर मला दुखू दिलं नाही, जातानाही दिलं नाही. तेवढं एक उरलंय बघ माझ्याकडे, त्या दिवसातलं. बाकी सगळं त्या सिक्स्टेनने नेलं.”

गुन्वोरने कप धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“आणि ही.” योर्डिसबाईंनी खिडकीतल्या फोटोमागून पितळी पुंगळी काढली. “तूरेच्या खिशात होती. पोलिसांनी परत दिली. बापाची शेवटची.”

चांगला बार झाला की पुंगळी फुगते, काडतुसाच्या घराच्या भिंतींना चिकटते, आणि बाहेरून चकचकीत निघते. दारू मेलेली असली की ती फुगत नाही, धूर बाजूने मागे येतो.

योर्डिसबाईंच्या तळहातावरची पुंगळी बुडापर्यंत काळी होती.

“पुसली नाही मी,” त्या म्हणाल्या. “त्याचा धूर आहे ना.”

६

चौथा मसुदा, गाडीत बसून, मांडीवर: “नवी लाकडी गोळी नळीबाहेर पडते. पन्नास वर्षांची, ओल खाल्लेली, फुगलेली गोळी मेलेल्या दारूच्या जोरावर अर्धी वाट जाते आणि अडकते. हिसका बसत नाही. आवाज होत नाही. पाठ फिरवलेल्यांना दिसत नाही. न साफ करण्याची चाल असलेल्यांना सापडत नाही. आठ दिवसांनी मुलगा खरी गोळी भरतो. बार काढला होता त्याच्या”

फाडला.

मंडळाच्या कपाटात खालच्या फळीवर धुळीत एक चौकोन स्वच्छ होता. पेटी नव्हती.

“दोनच किल्ल्या,” रूने म्हणाला. “एक माझी. एक मास्तरांची.”

मास्तर तळ्याकाठी होडी पालथी घालत होते, हिवाळ्यासाठी.

“किती खोल आहे तिथे?” गुन्वोरने विचारलं.

“चाळीस मीटर. पेटी जड होती, लगेच गेली.” त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही. “त्याच्याजवळ पहिला पोचलो तो मी. मानेवर हात दाबून बसलो. खिशातून पुंगळी घरंगळली. बघितली मात्र, सगळं कळलं. पोरगं अजून बघत होतं माझ्याकडे, गुन्वोर. आणि मी पुंगळी त्याच्या खिशात परत ठेवत होतो. दुसरं काय करणार? तिने काढलेला बार तो.”

“म्हणून ग्रीस.”

“घाईत तेवढंच सुचलं. तू येशील असं वाटलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर पचलं असतं.”

“खटला भरतील.”

“एक्याऐंशीच्या माणसाला तुरुंगात नेऊन काय करणार? उलट जेवण वेळेवर मिळेल.”

“नाव जाईल, मास्तर.”

“नाव माझं आहे ना? मग मला हवं तिथे खर्च करीन. साठ वर्षं जमवलं, असल्याच कामासाठी असेल. तिच्याकडे काय उरलंय? एक मांजराचं पाऊल. मलाही सांगितलंन ते, तूरे गेला त्या संध्याकाळी, मी सही करायच्या आधी. तेवढंही काढून घेऊ?”

गुन्वोर होडीवर बसली. मास्तर तिच्याशेजारी. पाणी अगदी स्थिर होतं.

“खोऱ्यात चार मंडळं,” ती म्हणाली. “सगळ्यांची चाल एकच. पेट्या एकाच कोठारातून आलेल्या. तुमची तळ्यात गेली. उरलेल्या तीन?”

मास्तरांनी होडीच्या तळावरचं शेवाळ नखाने खरवडलं.

“ओवेविकच्या मंडळातल्या एकाचं परवा दफन आहे. बाई बार काढेल. पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा गाल टेकवेल. दस्त्याला चिठ्ठी तुमची असेल: नळी स्वच्छ, आरपार.”

मास्तरांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडे बघत राहिले.

“हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं,” ते म्हणाले. “एवढंच एक ध्यानात यायला हवं होतं. एकाच बाईकडे बघत बसलो.”

मग म्हणाले, “तू सांग तिला. माझ्याने नाही व्हायचं.”

गुन्वोरने संध्याकाळच्या आत तिन्ही मंडळांना फोन करून पेट्या बंद करवल्या. मग पोलिसांना करायचा फोन तिने सकाळवर ढकलला. आधी एक दार होतं.

७

योर्डिसबाई सकाळी लिंगोनची आंबट रानफळं निवडत होत्या. पाचोळा एकीकडे, लाल फळं एकीकडे.

गुन्वोरने बसायच्या आत सांगायला सुरुवात केली. बसली असती तर जमलं नसतं. सगळं क्रमाने सांगितलं: गुरुवारी नळी स्वच्छ होती. शनिवारचं काडतूस मेलेलं होतं. लाकूड आत राहिलं. कुणी बघितलं नाही, कारण कुणी बघायचं नसतं. रविवारी तूरेने भरली. तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, कळायला आधी एकदा तरी खरा हिसका बसलेला असावा लागतो.

बोटं निवडत राहिली. एक फळ, एक पान, एक फळ. मग थांबली.

“मांजराचं पाऊल,” योर्डिसबाई म्हणाल्या.

त्यांनी खांद्यावर हात नेला, आणि चटका बसावा तसा खाली घेतला.

“मी ते… मी रोज आठवत होते. झोपताना. बरं वाटायचं.”

“माहीत आहे.”

“तुला कसं माहीत असेल!” आवाज एकदम फाटला, आणि तितक्याच लवकर खाली आला. “सिक्स्टेनला ठाऊक होतं?”

“तूरे गेला त्या मिनिटापासून.”

“आणि मी थुंकले त्याच्यावर.”

“हो.”

“पुसलं नाही त्याने. मला वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून पुसत नाही.”

त्या उठल्या. फळांवर फडकं टाकलं, माश्या बसू नयेत म्हणून. काळा कोट घातला, बटणं खालपासून वरपर्यंत लावली.

“गाडी काढ.”

८

मास्तर दारातच उभे होते. गाडीचा आवाज ओळखून आले असावेत. योर्डिसबाईंना बघून त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“आत ये, योर्डिस.”

“आत येते, पण बसत नाही.”

त्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. गुन्वोर उंबऱ्याशी थांबली.

“तू माझ्यासाठी केलंस,” योर्डिसबाई म्हणाल्या.

“दुसरं सुचलं नाही.”

“थुंकले त्याबद्दल माफी मागायला हवी. मागते. पण आता ऐक. तो माझा मुलगा. त्याचा पहिला दात माझ्या डबीत आहे. त्याची शाळेची वही, त्याच्या बायकोने सोडून जाताना लिहिलेलं पत्र, सगळं माझ्या कपाटात आहे. जे जे त्याचं ते माझं. त्याच्या मरणातही माझं काही होतं, सिक्स्टेन. ते तू उचललंस आणि मला विचारलं नाहीस.”

“जड आहे ते, योर्डिस.”

“तोही जड होता. साडेचार किलो. दोन दिवस लागले. तेव्हा कुणी उचलू लागलं नव्हतं.”

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली.

“दे परत,” त्या म्हणाल्या.

म्हातारा खुर्चीत बसला आणि रडायला लागला, तोंड न झाकता. योर्डिसबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. ते ओले व्हायला अजून खूप दिवस लागणार होते.

“गुन्वोर, तुझा तो कागद आणलायस?”

“आणलाय.”

“बार कुणी काढला, ते लिहायची जागा आहे त्यात?”

“आहे. पण नाव घालायलाच हवं असं नाही. ‘कुटुंबातील व्यक्ती’ एवढं लिहिलं तरी पोलिसांना—”

“घाल. आडनावासकट. आणि त्याच्यापुढे लिही, ‘आई’.”

गुन्वोरने टेबलाच्या कडेला कागद ठेवला आणि लिहिलं. योर्डिसबाईंनी वाकून, ओठ हलवत, अक्षर अक्षर वाचून पाहिलं. मग कोटाची बटणं काढली, आणि मास्तरांच्या शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या.